ब्रिटिश रेल वर्ग ७६

ब्रिटिश रेल वर्ग ७६, मूळ नाव ईएम-१, हा इंग्लंडमधील मँचेस्टर–शेफील्ड–वॉथ या डोंगरी रेल्वेमार्गासाठी बांधलेल्या विद्युत इंजिनांचा वर्ग होता. या वर्गात एकूण ५८ इंजिने होती. त्यांपैकी पहिले १९४१ मध्ये डॉनकास्टरच्या कारखान्यात तयार झाले आणि उरलेली ५७ इंजिने १९५० ते १९५३ या काळात मँचेस्टरजवळच्या गॉर्टन कारखान्यात बांधली गेली. ती डोक्यावरील तारेतून येणाऱ्या १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालत. प्रवासी आणि माल अशा दोन्ही गाड्या ओढणे हे त्यांचे काम असले, तरी त्यांचे खरे आयुष्य पेनाइन डोंगररांगेच्या पूर्वेकडील कोळसा पश्चिमेकडे वाहून नेण्यात गेले. जुलै १९८१ मध्ये हा मार्ग बंद झाला आणि त्याबरोबरच हा वर्गही सेवेतून बाद झाला. यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात असलेले क्रमांक २६०२० हे या वर्गातील जतन केलेले एकमेव संपूर्ण इंजिन होय.

पार्श्वभूमी

मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन उद्योगनगरांच्या मध्ये पेनाइन डोंगर आडवा पसरलेला आहे. तो पार करणारा लोहमार्ग वुडहेड येथील बोगद्यातून जाई. सुमारे ४.८ किलोमीटर लांबीचा पहिला बोगदा १८४५ मध्ये आणि त्याला समांतर असा दुसरा १८५२ मध्ये सुरू झाला. दोन्ही बोगदे एकेरी रुळाचे आणि अरुंद होते. ते खणताना मजुरांचे अतोनात हाल झाले. अपघातांत अनेक जण दगावले आणि १८४९ मध्ये दुसऱ्या बोगद्याच्या वस्तीत पटकीची साथ येऊन आणखी बळी गेले. समाजसुधारक एडविन चॅडविक यांनी मजुरांच्या या स्थितीला वाचा फोडली आणि १८४६ मध्ये संसदेच्या समितीपुढे रेल्वेमजुरांच्या प्रश्नाची चौकशी झाली.

बोगदे पूर्ण झाल्यावर हालांचे स्वरूप बदलले, हाल संपले नाहीत. वाफेच्या इंजिनांचा धूर त्या अरुंद नळीतून लवकर बाहेर पडत नसे. जड मालगाडी संथ वेगाने चढत असताना इंजिनावरील चालक आणि फायरमन यांना तोंडावर ओले फडके धरून अक्षरशः श्वास रोखून बसावे लागे. दाट धुरात सिग्नल दिसणे कठीण होई. धुरातील आम्लामुळे बोगद्याचे अस्तर आणि रूळ झिजत. या मार्गाच्या विद्युतीकरणाची चर्चा केवळ वेगासाठी किंवा काटकसरीसाठी झाली असे म्हणता येत नाही, कारण धुरापासून सुटका हा तिच्यामागचा मोठा हेतू होता.

दुसरी अडचण चढाची होती. यॉर्कशरच्या कोळसा खाणींतला माल वॉथ येथील विस्तीर्ण यार्डात गोळा होई आणि तेथून वर्झबरोच्या चढावरून मुख्य मार्गाला येई. हा चढ ४० फुटांना १ फूट असा होता. मुंबई–पुणे मार्गावरील बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे, त्यावरून वर्झबरोच्या तीव्रतेची कल्पना यावी. वाफेच्या काळात तेथे कोळशाच्या गाडीला पुढून इंजिने जोडलीच जात, शिवाय मागूनही बँकर लावावे लागत. याच कामासाठी १९२५ मध्ये बायर-पीकॉक कंपनीने बांधलेले २३९५ क्रमांकाचे गॅरट इंजिन आणले गेले. ते ब्रिटनमधील सर्वांत शक्तिशाली वाफेचे इंजिन होते आणि त्याच्या हयातीचा बहुतेक काळ या एका चढावर गाड्यांना मागून रेटण्यात गेला.

विद्युतीकरणाचा पूर्वानुभव

कोळसा वाहणाऱ्या मार्गावर विद्युत इंजिने चालवण्याचा प्रयोग इंग्लंडमध्ये यापूर्वीही झाला होता. ईशान्य इंग्लंडमध्ये शिल्डन ते न्यूपोर्ट या मार्गावर १९१५ मध्ये १,५०० व्होल्टची तार टाकण्यात आली. सर व्हिन्सेंट रेव्हन यांच्या देखरेखीखाली त्यासाठी दहा इंजिने डार्लिंग्टन येथे बांधली गेली. इंजिने उत्तम चालली, पण कोळशाची वाहतूक घटली, तारांच्या नूतनीकरणाची वेळ आली आणि १९३५ मध्ये तो मार्ग पुन्हा वाफेकडे गेला. दहाही इंजिने धडधाकट स्थितीत बाजूला उभी करण्यात आली. त्यांपैकी क्रमांक ११ मध्ये फेरफार करून ते वर्झबरोच्या चढावर बँकर म्हणून वापरायचे ठरले होते. तसे ते कधी झाले नाही आणि अखेर ते इलफर्डच्या गाडीशेडमध्ये डबे हलवण्याच्या कामी आले. १९६४ मध्ये ते भंगारात गेले. वर्ग ७६ चा पुढील इतिहास वाचताना ही घटना ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने वुडहेड मार्गाच्या विद्युतीकरणाची योजना १९३६ मध्ये हाती घेतली. काही ठिकाणी तारेचे खांब उभे राहिले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. काम थांबले.

पहिले इंजिन : ‘टॉमी’

युद्ध चालू असतानाही एक नमुना इंजिन मात्र पुरे करण्यात आले. रेल्वेचे मुख्य यांत्रिक अभियंता सर नायजेल ग्रेस्ली यांच्या कारकिर्दीत त्याचा आराखडा झाला. ग्रेस्ली एप्रिल १९४१ मध्ये निवर्तले आणि त्याच वर्षी ६७०१ क्रमांकाचे हे इंजिन डॉनकास्टरहून बाहेर पडले. विद्युत सामग्री मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीची होती. ज्या मार्गासाठी ते बांधले त्या मार्गावर अजून तारच नव्हती, त्यामुळे त्याच्या चाचण्या मँचेस्टर ते ऑल्ट्रिंचॅम या उपनगरी मार्गावर घ्याव्या लागल्या. तेथे १९३१ पासून १,५०० व्होल्टचा प्रवाह होता.

युद्धानंतर नेदरलँड्सच्या रेल्वेला इंजिनांची तीव्र टंचाई भासत होती. तेथेही १,५०० व्होल्टचीच पद्धत होती. म्हणून १९४७ मध्ये हे इंजिन डच रेल्वेला उसने देण्यात आले. तेथील चालकांनी त्याला ‘टॉमी’ हे नाव दिले. ब्रिटिश सैनिकाला बोलीभाषेत टॉमी म्हणतात आणि युद्धातून मुक्त झालेल्या देशात त्या शब्दाला जिव्हाळ्याचा अर्थ होता. १९५२ मध्ये इंजिन मायदेशी परतले तेव्हा ब्रिटिश रेल्वेने हे नाव अधिकृतपणे स्वीकारले. इंजिनावर पितळी पट्टी लावून हे नाव डच चालकांनी दिल्याची नोंदही त्यावर कोरण्यात आली. कारखान्यात किंवा कार्यालयात न ठरता परदेशातल्या कामगारांच्या तोंडून मिळालेले असे नाव रेल्वेच्या इतिहासात विरळाच.

उसनवारीचा तांत्रिक लाभही झाला. अधिक वेगाला इंजिन फार हेलकावे खाते असे डच अनुभवावरून दिसून आले आणि पुढच्या ५७ इंजिनांच्या बोगींच्या रचनेत त्यानुसार सुधारणा करण्यात आल्या. टॉमीला पुढे २६००० हा क्रमांक मिळाला. १९७० मध्ये ते सेवेतून काढले गेले आणि नंतर मोडीत निघाले.

रचना

वर्ग ७६ च्या इंजिनाला प्रत्येकी दोन आसांच्या दोन बोगी होत्या आणि दोन्ही बोगी मधोमध एकमेकींना जोडलेल्या होत्या. गाडी ओढण्याचा आकडा आणि बफर इंजिनाच्या सांगाड्यावर न बसवता बोगींवरच बसवले होते. त्यामुळे ओढीचा सगळा जोर बोगींमधूनच जाई आणि वरच्या सांगाड्याला तो सोसावा लागत नसे. चारही आसांवर प्रत्येकी ४६७ अश्वशक्तीची एकेक मोटर होती. एकूण शक्ती १,८६८ अश्वशक्ती आणि कमाल वेग ताशी १०५ किलोमीटर. आजच्या मानाने हे आकडे किरकोळ वाटतात. परंतु सगळे वजन चालत्या चाकांवर असल्याने चढावर रूळ पकडून ठेवण्याची या इंजिनांची क्षमता उत्तम होती, आणि या मार्गाला तीच हवी होती.

त्यांचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे पुनर्निर्मिती ब्रेक. उतारावर जड गाडी इंजिनालाच पुढे ढकलू लागते. अशा वेळी मोटरींना जनित्राप्रमाणे फिरू दिले, तर गाडीचा वेग आवरला जातो आणि तयार झालेली वीज तारेत परत जाते. त्याच वेळी समोरून चढत येणाऱ्या गाडीला ती वीज वापरता येते. विहिरीच्या रहाटावर एक पोहरा खाली जाताना दुसऱ्याला वर खेचतो, तसा हा प्रकार होता. ती वीज घेणारी दुसरी गाडी नसेल तर उपकेंद्रांतील रोधकांमध्ये तिची उष्णता होऊन जाई. वेग बराच कमी झाला की हा ब्रेक निष्प्रभ होतो, म्हणून पुढे इंजिनावरच रोधक वापरून चालणाऱ्या विद्युत ब्रेकचीही सोय करण्यात आली.

याचे मोल कळण्यासाठी त्या काळच्या ब्रिटिश मालगाडीचे स्वरूप माहीत असावे लागते. कोळशाच्या बहुतेक वाघिणींना चालकाच्या ताब्यातील सलग ब्रेक नव्हते. साखळ्यांनी सैल जोडलेल्या वाघिणींची रांग उतारावर आवरण्याची भिस्त इंजिनाच्या आणि शेवटच्या डब्यातील गार्डच्या हातब्रेकवर असे. तीव्र उतारापूर्वी गाडी थांबवून वाघिणींचे ब्रेक हाताने दाबून ठेवावे लागत. अशी गाडी डोंगरावरून मँचेस्टरच्या बाजूला उतरवताना विद्युत ब्रेकने चालकांना जो दिलासा दिला, तो अश्वशक्तीच्या आकड्यांत दिसत नाही.

मार्गाचे उद्घाटन आणि नवा बोगदा

रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतर काम पुन्हा वेगाने सुरू झाले. जुन्या बोगद्यांची अवस्था इतकी वाईट होती की त्यांत तारा बसवण्याऐवजी दुहेरी रुळाचा नवाच बोगदा खणण्याचा निर्णय झाला. वॉथ ते डनफर्ड ब्रिज हा कोळशाचा भाग फेब्रुवारी १९५२ मध्ये विजेवर सुरू झाला. नवा वुडहेड बोगदा ३ जून १९५४ रोजी वाहतूकमंत्री ॲलन लेनॉक्स-बॉइड यांच्या हस्ते खुला झाला. त्याची लांबी ३ मैल ६६ यार्ड, म्हणजे जवळपास ४.९ किलोमीटर आहे. २६०२० हे इंजिन त्याआधी १९५१ मध्ये लंडनच्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या भव्य प्रदर्शनात मांडले गेले होते. सप्टेंबर १९५४ पासून मँचेस्टर–शेफील्ड दरम्यान प्रवासी गाड्याही विजेवर धावू लागल्या. इंजिनांच्या देखभालीसाठी मँचेस्टरजवळ रेडिश येथे स्वतंत्र शेड बांधण्यात आली.

वेगवान प्रवासी गाड्यांसाठी ईएम-२, म्हणजे पुढचा वर्ग ७७, ही सहा आसांची २,४९० अश्वशक्तीची इंजिनेही गॉर्टनला तयार झाली. मूळ बेत २७ इंजिनांचा होता, प्रत्यक्षात सातच बांधली गेली. इलेक्ट्रा, एरिॲडनी, ऑरोरा, डायाना, जूनो, मिनर्व्हा आणि पँडोरा अशी त्यांची नावे ग्रीक-रोमन पुराणांतून घेतलेली होती. (ऑरोरा म्हणजे आपली उषा.) त्यांना जोडून ईएम-१ मधील बारा इंजिनांनाही आर्किमिडीज, हेक्टर, जेसन, प्रोमिथिअस, युलिसिस अशी नावे देण्यात आली. त्यांतले स्टेंटर हे नाव विशेष समर्पक म्हणावे लागेल, कारण हा होमरच्या काव्यातील प्रचंड आवाजाचा दवंडीवाला आहे. वर्ग ७७ ची इंजिने ताशी १४५ किलोमीटर वेगासाठी बांधली असली, तरी या वळणावळणाच्या मार्गावर त्यांना तो वेग कधी गाठता आला नाही. शेफील्डच्या पुढे तारही नव्हती. लंडनला जाणारी गाडी शेफील्ड व्हिक्टोरिया स्थानकात थांबून वाफेचे इंजिन घेई.

दैनंदिन काम

१९५० आणि १९६० च्या दशकांत वर्झबरोच्या चढावर कोळशाच्या गाडीला दोन विद्युत इंजिने पुढे आणि दोन मागे असा ताफा चाले. डनफर्ड ब्रिजच्या शिखरानंतर बोगदा, आणि बोगद्यापलीकडे लाँगडेनडेलच्या जलाशयांच्या काठाने मॉट्रमच्या यार्डापर्यंत सलग उतार. परतीला रिकाम्या वाघिणी. हे चक्र रात्रंदिवस चाले. १९६५ मध्ये शेफील्डजवळ टिन्सलीचे मोठे यार्ड सुरू झाले तेव्हा तार तेथपर्यंत वाढवण्यात आली.

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून कामाचा प्रकार बदलला. मर्सी नदीकाठच्या फिडलर्स फेरी औष्णिक वीजकेंद्राला सलग कोळसा पुरवणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. या गाड्या न थांबता भरल्या आणि रिकाम्या केल्या जात. त्यांसाठी सुमारे तीस इंजिनांमध्ये बदल करून एकाच चालकाला दोन इंजिने एकत्र चालवता येतील अशी जोडणी आणि एअर ब्रेकची सोय करण्यात आली. विद्युत इंजिने या गाड्या गॉडलीपर्यंत आणत आणि तेथून पुढे डिझेल इंजिने नेत, कारण तार तेथपर्यंतच उपयोगाची होती. वीजकेंद्रासाठीचा कोळसा विजेच्या इंजिनाने आणायचा आणि निम्म्या वाटेवर डिझेलच्या हवाली करायचा, यातच या मार्गाचे दुखणे स्पष्ट दिसते.

प्रमाण बदलले

हे दुखणे १९५६ सालचे. त्या वर्षी ब्रिटिश रेल्वेने पुढील सर्व विद्युतीकरणासाठी २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह हे प्रमाण स्वीकारले. तांत्रिकदृष्ट्या तो निर्णय योग्यच होता. जास्त दाबामुळे तार हलकी चालते आणि उपकेंद्रे कमी लागतात. मात्र वुडहेडचा मार्ग पूर्ण होऊन दोन वर्षेही लोटली नव्हती आणि तो एकाकी पडला. लंडनमधील लिव्हरपूल स्ट्रीट–शेनफील्ड हा १,५०० व्होल्टचा मार्ग १९६० मध्ये आणि ऑल्ट्रिंचॅमचा १९७१ मध्ये नव्या पद्धतीवर नेण्यात आला. वुडहेड तसाच राहिला. त्याच्या इंजिनांना दुसऱ्या कोठल्याही मार्गावर जाता येईना आणि इतर मार्गांची नवी इंजिने येथे येऊ शकत नव्हती.

मराठी वाचकाला ही कथा अपरिचित वाटू नये. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस–कुर्ला मार्गावर भारतातील पहिली विद्युत गाडी धावली ती १,५०० व्होल्टवरच. त्यानंतर घाटांत चाललेल्या ‘क्रोकोडाइल’ इंजिनांची विद्युत सामग्रीही याच मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीची होती. भारतीय रेल्वेनेही पुढे २५,००० व्होल्टचे प्रमाण स्वीकारले. परंतु मुंबईत वाहतूक वाढतच गेली, दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने आणि गाड्या बांधल्या गेल्या आणि २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने सारा परिसर नव्या पद्धतीवर आला. वुडहेडला वाहतूक घटत गेली, हा फरक निर्णायक ठरला.

अखेर

बीचिंग यांच्या १९६३ च्या अहवालात शेजारच्या होप व्हॅली मार्गाची प्रवासी सेवा बंद करण्याची सूचना होती. पुढे निर्णय उलटा झाला. होप व्हॅलीतील गावांना रेल्वेवाचून पर्याय नव्हता, म्हणून तो मार्ग राखला गेला आणि विद्युतीकरण झालेल्या वुडहेडवरील मँचेस्टर–शेफील्ड प्रवासी सेवा ५ जानेवारी १९७० पासून बंद झाली. शेफील्ड व्हिक्टोरिया स्थानकही त्याच काळात बंद पडले. वर्ग ७७ ची सातही इंजिने त्याआधीच, १९६८ मध्ये, सेवेतून काढली होती. अवघ्या चौदा-पंधरा वर्षांची ही इंजिने नेदरलँड्सने १९६९ मध्ये विकत घेतली. एकाचे सुटे भाग वापरून उरलेली सहा तेथे १९८६ पर्यंत प्रवासी गाड्या ओढत राहिली. जन्मभूमीत मिळाले त्याहून अधिक आयुष्य त्यांना परदेशात मिळाले.

वर्ग ७६ मात्र कोळशाबरोबर टिकून राहिला. १९७० च्या दशकात पेनाइनपलीकडे जाणारा कोळसा कमी झाला, इंजिने आणि तारा जुन्या झाल्या आणि त्यांच्या जागी नवे आणण्याचा खर्च रेल्वेला परवडेनासा झाला. मार्ग बंद करण्याला रेल्वे कामगार संघटनांनी आणि स्थानिकांनी विरोध केला. सलग, रुंद आणि जेमतेम सत्तावीस वर्षांपूर्वी बांधलेला बोगदा सोडून देणे हा अविचार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बंद करणाऱ्यांची बाजूही अगदी पोकळ नव्हती, कारण पेनाइन ओलांडणारे आणखी मार्ग उपलब्ध होते आणि उरलेली वाहतूक त्यांत सामावणारी होती. शेवटची गाडी १७ आणि १८ जुलै १९८१ च्या मधल्या रात्री गेली. त्याबरोबर उरलेली सर्व इंजिने एकाच वेळी बाद ठरली. १९८० च्या दशकाच्या मध्यास रूळही उखडले गेले.

मँचेस्टर–हॅडफील्ड–ग्लॉसप हा उपनगरी भाग तेवढा जिवंत राहिला. तेथे १,५०० व्होल्टवरील लोकलगाड्या डिसेंबर १९८४ पर्यंत धावल्या आणि मग तो २५,००० व्होल्टवर नेण्यात आला.

आजची स्थिती

२६०२० यॉर्कच्या संग्रहालयात आहे. वर्ग ७७ पैकी इलेक्ट्रा इंग्लंडमधील बटर्ली येथे, एरिॲडनी मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयाच्या संग्रहात आणि डायाना नेदरलँड्समध्ये जतन केलेली आहे. ‘टॉमी’ची पितळी पट्टी पूर्वी जेथून दिसे ते इंजिन मात्र उरलेले नाही.

हॅडफील्डच्या पलीकडील लोहमार्गाच्या जागेवर आता ‘लाँगडेनडेल ट्रेल’ ही पायवाट आणि सायकलवाट आहे. जुन्या व्हिक्टोरियन बोगद्यांपैकी एकातून १९६० च्या दशकाअखेरपासून ४ लाख व्होल्टच्या वीजवाहिन्या नेल्या जात होत्या. त्या आता १९५४ च्या बोगद्यात हलवण्यात आल्या आहेत. ब्रिटनच्या वीजजाळ्याची मालक असलेली कंपनी त्याची देखभाल करते आणि तो प्रवाशांसाठी बंद आहे.